सातचा भोंगा आणि टीव्ही-मोबाईल बंद: ग्रामसभेत ठराव येतोय, तुमच्याकडचा अनुभव लिहा

मांजराकाठ | 9 जानेवारी, रात्री 10:05

नमस्कार मंडळी. आमचं गाव निलंगा तालुक्यात, मांजरेच्या काठाला. ग्रामपंचायतीत मी सदस्य आहे. येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत एक ठराव येणार आहे. रोज संध्याकाळी सातला मारुतीच्या देवळावरचा भोंगा वाजवायचा, तिथून साडेआठपर्यंत घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद, लेकरांनी पुस्तकं घेऊन बसायचं.

कल्पना कुठून आली ते बहुतेकांना ठाऊक असेल. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं 2022 च्या 15 ऑगस्टपासून असं सुरू केलं आणि त्याच्या बातम्या देशभर गेल्या. मागोमाग आपल्या उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीनं सहा ते आठ अशी वेळ ठरवली. आमच्याकडच्या पुढाऱ्यांनी ते व्हिडिओ पाहिले आणि म्हणाले, आपणही करू. हेतू चांगला आहे. चौथीतली लेकरं अडखळत वाचतात आणि तीच लेकरं रील्स मात्र सरासर वर सरकवतात, हे मी रोज बघते.

माझी अडचण वेळेची आहे. सात ते साडेआठ हा आमच्याकडं बाईचा भाकरीचा वेळ. त्या वेळात ती टीव्ही बघत नाही, ऐकते. पुढच्या खोलीत मालिका चालू असते आणि ही आत परातीपुढं बसून आवाजावरून कोण आलं, कोण रडलं ते ओळखते. मध्येच पिठाच्या हातानं दारापर्यंत येते, एक नजर टाकते, तव्यावरची भाकरी आठवली की परत आत. दिवसभर हरभऱ्याच्या नाहीतर ज्वारीच्या रानात काम, मग पाणी, मग स्वयंपाक. ह्या सगळ्यात तिच्या वाट्याची करमणूक तेवढीच. भोंगा वाजला की पहिल्यांदा तीच बंद होणार. पारावरच्या गड्यांचे मोबाईल रात्री नऊला हातात येतात आणि अकरापर्यंत चालतात, त्या वेळेला ठरावात कुणी हात लावलेला नाही.

दुसरं म्हणजे मोबाईल आता नुसता करमणुकीचा राहिलेला नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी शेतकऱ्यानं स्वतःच्या मोबाईलवर करायची आहे, बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढून. लाडक्या बहिणीचे दीड हजार आले की नाही ते मेसेजवर कळतं, आणि तो मेसेज बऱ्याच घरांत नवऱ्याच्या नाहीतर लेकाच्या नंबरवर येतो. बाईच्या नावाचे पैसे, पण खबर तिला सगळ्यात शेवटी. अशा घरात "मोबाईल बंद" म्हणजे नेमका कुणाचा मोबाईल बंद?

ठरावाला माझा विरोध नाही. कुणाचं काय बंद होणार ते आधी बघावं आणि मग वेळ ठरवावी, एवढंच माझं म्हणणं आहे. जिथं असं काही सुरू झालंय तिथल्यांनी लिहा. टिकलं का? कुणी मोडलं? बायांना कसं वाटलं?

---

गुरुजी_उमरगा | 9 जानेवारी, रात्री 10:48

ताई, मी उमरगा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर आहे. जकेकूरवाडीची शाळा माझी नाही, त्यामुळे तिथलं आतलं मी सांगणार नाही. पण ठरावाच्या बाजूनं ठामपणे लिहितो.

भोंग्याची ताकद कशात आहे? सगळ्यांचं एकाच वेळी बंद होण्यात. एखाद्या आईनं आपल्या घरातला टीव्ही बंद केला तरी शेजारच्या घरातून मालिकेचं शीर्षकगीत ऐकू येतं. आपल्याकडं भिंतीला भिंत लागून घरं. लेकराचे कान तिकडं. "त्यांचा चालूय, आपलाच का बंद?" ह्या प्रश्नाला एकट्या आईकडं उत्तर नसतं. गावानं ठरवलं की ते भांडण घरातून निघून गावाच्या अंगावर जातं. हा फार मोठा आधार आहे, विशेषतः ज्या घरात बाप ऐकत नाही त्या घरातल्या आईला.

कोरोनातलं मी विसरलेलो नाही. शाळा बंद होत्या तेव्हा जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायचं, पहिली ते आठवीसाठी. ज्यांच्या घरी छत्री होती ती लेकरं बघायची. मी वाडीवर जाऊन विचारायचो, काल काय दाखवलं? काही लेकरं इतकं छान सांगायची की माझ्या डोळ्यात पाणी यायचं. म्हणजे टीव्हीशी माझं वैर नाही. पण तेव्हा लेकराच्या बाजूला मोठं माणूस बसलेलं असायचं, कारण सगळेच घरी अडकलेले. आता लेकराच्या हातात मोबाईल देतात आणि माणूस उठून जातं. शाळा पुन्हा भरली तेव्हा तिसरीच्या वर्गात मला पहिलीपासून सुरुवात करावी लागली, आणि ती उणीव अजून भरून निघालेली नाही. रोजचा दीड तास मिळाला तर मला तो हवा आहे.

---

सीमेवरचा | 10 जानेवारी, सकाळी 6:30

ठरलेल्या वेळेचा टीव्ही मी लहानपणी पाहिलाय, म्हणून लिहितो.

माझं आजोळ आळंदकडचं, म्हणजे तेव्हाचा गुलबर्गा जिल्हा. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 असं एक वर्ष देशातल्या सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत उपग्रहावरून टीव्ही दाखवला गेला. अमेरिकेचा एटीएस-6 उपग्रह होता, जमिनीवरचं काम आपल्या इस्रोचं, कार्यक्रम आकाशवाणीच्या दूरदर्शन विभागाचे. कर्नाटकात गुलबर्गा, रायचूर, विजापूर हे जिल्हे त्यात होते. महाराष्ट्र नव्हता, म्हणजे मराठवाड्यातलं आमचं गाव कोरडं आणि पलीकडं आजोळी टीव्ही! शाळेच्या आवारात कोंबड्याच्या जाळीसारख्या तारेची मोठी छत्री उभी केलेली आणि पुढं सगळ्या गावाला मिळून एक संच. सकाळी शाळेच्या लेकरांसाठी दीड तास, संध्याकाळी मोठ्यांसाठी अडीच तास. शेती, आरोग्य, कुटुंब नियोजन, गाणी. भाषा कानडी, पण आम्हाला काय, सीमेवरच्या लेकराला दोन्ही कळतात.

बाया एका बाजूला, गडी एका बाजूला, लेकरं पुढं मातीत. कार्यक्रम संपला की पिकाच्या रोगावर वाद व्हायचे, नवीन बियाण्यावर व्हायचे. वर्ष संपलं, उपग्रह भारतावरून हलवला, आणि त्या गावांतले पडदे काळे पडले. आमच्या भागात घरातला टीव्ही दिसायला पुढं बरीच वर्षं गेली. 1984 मध्ये देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं झपाट्यानं उभी राहिली, आणि 1987 ला रामायण लागलं तेव्हा लोक ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला जोडायचे.

आज कुणी कुणासोबत बसत नाही, ह्याचं मला जास्त वाईट वाटतं. एका घरात चार मोबाईल, चौघांच्या माना चार दिशेला. गुरुजी बंद करायचं म्हणतात, ठीक आहे. पण दीड तास बंद ठेवलेल्या घरात माणसं एकमेकांशी बोलणार आहेत का, तेही बघा.

---

बालाघाटी_लेक | 10 जानेवारी, दुपारी 1:20

मी धारूरकडची. मला एकच गोष्ट सांगायची आहे, ती नीट वाचा.

आमच्या गावातून निम्म्याच्या वर कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की गाड्या भरायच्या, येणं मार्च-एप्रिलात. जी लेकरं शाळेसाठी मागं राहतात ती आजी-आजोबांजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात. तिकडं फडात आईबाप पहाटे तीन-चारला उठतात, दिवसभर तोडणी, मोळ्या बांधणं, गाडी भरणं. कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, परत येतात ते दिवस मावळल्यावर. आई चूल पेटवते आणि भाकरी टाकता टाकता गावाकडं फोन लावते. हा वेळ कोणता? सात ते आठ!

आमच्या शेजारची चिमी दुसरीला आहे. आईचा व्हिडिओ कॉल आला की ती आधी दप्तर आणते. आज काय शिकवलं ते आईला दाखवते. आई शिकलेली नाही, तिला अक्षरं कळत नाहीत, पण "अजून दाखव, अजून दाखव" म्हणते. रेंज गेली की चित्र थिजतं, तरी लेकरू वही तशीच धरून बसतं.

आता तुम्ही सातला भोंगा वाजवून मोबाईल बंद करा आणि त्या लेकराला म्हणा, अभ्यास कर. आईबापाकडं उशिरा फोन करायला ताकद नसते, नऊला ती माणसं झोपलेली असतात, कारण तीनला उठायचं असतं. मागं, मी लहान होते तेव्हा, मुकादमाच्या फोनवर आठवड्यातून एखादा निरोप यायचा आणि आम्ही शेजारच्या किराणा दुकानात जाऊन तो घ्यायचो. आईचा चेहरा एकदम उन्हाळ्यात दिसायचा. सप्टेंबर 2016 ला ते स्वस्त इंटरनेट आलं, त्यानंतर कोपीवर व्हिडिओ कॉल सुरू झाले. बाकीच्यांसाठी ती करमणूक असेल. आमच्या लेकरांना त्यानं आई दिली.

ठराव करा, पण त्यात ऊसतोडीच्या लेकरांचं नाव घालून सूट लिहा. "समजून घेऊ" असं तोंडी नको.

---

मांजराकाठ | 10 जानेवारी, रात्री 9:15

ताई, वाचलं. आमच्या तांड्यावरूनही माणसं जातात. ठरावाच्या मसुद्यात हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. उद्या सरपंचांना दाखवते.

---

थ्री_फेज | 10 जानेवारी, रात्री 9:50

औसा तालुका. बागायतदार नाही, विहिरीवर एक मोटार आहे.

आमच्याकडं शेतीची लाईट पाळीनं, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की आधी काय करायचो? बॅटरी घेऊन रानात जायचं, लाईट यायची वाट बघत विहिरीवर बसायचं. थंडी, साप, विंचू. आता पॅनलवर मोबाईल स्टार्टर बसवलाय. डब्यात सिमकार्ड असतं. लाईट आली की तो डबा मला फोन करतो, मी घरून बटण दाबलं की मोटार सुरू. पाणी संपलं, मोटार कोरडी चालायली, तर आपोआप बंद करून तेही कळवतो. माझ्या बापानं आयुष्यभर रात्री दारं धरली. तो डबा आला तेव्हा त्यानं हात लावून बघितला आणि म्हणाला, हे आधी कामून निघालं नाही.

काही जण स्वस्तातला साधा ऑटो बसवतात, लाईट आली की मोटार आपोआप चालू. त्यानं एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटारी एकदम उठतात, लोड येतो, डीपी जळते, आणि मग ऐन हरभऱ्याच्या पाण्याला आठवडा-आठवडा अंधार. मोबाईल स्टार्टरवर आपण पाळी लावून मोटार सुरू करू शकतो. आमच्या डीपीवरच्या लोकांनी तसा ग्रुप केलाय, कुणी कधी लावायची ते त्यावर ठरतं. विषयाला सोडून झालं थोडं, पण कुणाला उपयोग होईल.

मुद्दा हा की सात ते साडेआठ मोबाईल बंद म्हणजे माझं भिजवण बंद. टीव्ही खुशाल बंद करा. मोबाईल शब्द काढा, किंवा "फोन चालू, पडदा बंद" असं काहीतरी लिहा.

---

दुधनाकाठचा | 11 जानेवारी, सकाळी 8:10

थ्री फेजरावांच्या मुद्द्याला जोडून. मी परभणी जिल्ह्यातला. आपल्याकडं विजा पडून माणसं आणि जनावरं मरतात ती जास्त करून पावसाच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात, दुपारनंतर ते संध्याकाळी. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे, तुमच्या भोवतीच्या 20 ते 40 किलोमीटरात वीज होत असेल तर इशारा देतं. रानात असलेल्या माणसानं झाडाखालून निघून पक्क्या घरात जायला तेवढा वेळ पुरतो. हे ॲप प्रत्येक गुराख्याच्या मोबाईलमध्ये असायला हवं, आणि जून-ऑक्टोबरच्या संध्याकाळी मोबाईल चालू हवा.

हवामानाचं आणखी एक. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या अंदाजांवर लोक पेरणी करतात, आणि दुबार पेरणी अंगावर आली की नशिबाला बोल लावतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, जिल्ह्याजिल्ह्याचा वेगळा, कोणत्या पिकाला काय करायचं त्यासकट. तो ग्रुपवर टाका. आमच्या आजोबांच्या काळात हे काम मुंबई दूरदर्शनच्या 'आमची माती आमची माणसं'नं केलं. संध्याकाळी अख्खी गल्ली त्या कार्यक्रमाला गप्प बसायची. तसा भरवसा आता एका ठिकाणी राहिलेला नाही.

---

औशाचा_पोरगा | 11 जानेवारी, दुपारी 3:35

मी लातूरला नीटची तयारी करतोय. आमच्या वसतिगृहात मोठा मोबाईल चालत नाही, बटणाचा साधा फोन ठेवायचा. पहिल्या महिन्यात हात सारखा खिशाकडं जायचा, मग सवय झाली. वसतिगृहातली बरीच पोरं असाच फोन वापरतात, त्यामुळे कुणाला लाज वाटत नाही. म्हणून गुरुजींचं "सगळ्यांचं एकाच वेळी" हे मला पटतं.

पण गावाकडं माझी बहीण अकरावीला आहे, विज्ञान शाखा, कॉलेज तेरा किलोमीटरवर, तिला लातूरला ठेवायची घरची ऐपत नाही. दोघांचा खर्च झेपत नाही म्हणून एकाला पाठवलं, आणि तो एक मी. ती फिजिक्स यूट्यूबवर शिकते, फुकटात, घरातला एकुलता मोठा मोबाईल संध्याकाळी बाबा रानातून आल्यावर तिच्या हातात पडतो. सात ते नऊ हाच तिचा क्लास. भोंग्यानं तिचा क्लास बंद होईल आणि माझा चालू राहील. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण लिहायला हवं.

---

गुरुजी_उमरगा | 11 जानेवारी, संध्याकाळी 5:02

बाळा, तुझ्या बहिणीसाठी मीच ग्रामसभेत उभा राहीन. अभ्यासासाठीचा मोबाईल आणि ऊसतोडीच्या लेकरांचा फोन, दोन्ही सुटीत यायला हवेत. पण मंडळी, एक लक्षात घ्या: सूट वाढत गेली की प्रत्येक घर आपलं कारण काढतं. मी वर्गात रोज अनुभवतो. नियम जितका साधा तितका टिकतो.

---

कंधारी_कांबळं | 11 जानेवारी, रात्री 11:20

लेकरांचं, बायांचं सगळं बोलून झालं. तरुण पोरांचं कोण बोलणार?

आमच्याकडं विशी-पंचविशीतली पोरं मोबाईलवर रमी खेळून कर्जात गेली. शेत गहाण टाकलेलं एक घर माझ्या गल्लीत आहे. सुरुवातीला शे-दोनशे जिंकतात, मग मागचं काढायच्या नादात सोयाबीनची पट्टी जाते, मग बचत गटातून आईच्या नावावर उचललेलं जातं. रात्री अकरा ते दोन हा त्यांचा वेळ. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैशाच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा केला, चांगलं झालं. पण गेलेलं शेत कायद्यानं परत येत नाही, आणि ज्याला नाद लागलाय तो दुसरी वाट शोधतोच.

तुमच्या भोंग्याच्या वेळेला ही पोरं घरात नसतातच. ग्रामसभेनं जर मोबाईलवर बोलायचं असेल तर आधी ह्यावर बोलावं. कुणाच्या घरात असं चाललंय ते आईबापाला सांगायला कुणीतरी लागतं, कारण लाजेपायी घरातले झाकून ठेवतात.

---

खामकाठची | 12 जानेवारी, सकाळी 10:40

छत्रपती संभाजीनगरहून. माहेर भोकरदन तालुक्यात.

मांजराकाठताईंनी बाईच्या टीव्हीचा मुद्दा काढला तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण टीव्हीला वेळ खाणारी वस्तू म्हणतो, पण त्यानं खेड्यातल्या बाईला काय दिलं तेही बघायला हवं. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर ह्या अर्थशास्त्रज्ञांनी 2001 ते 2003 ह्या काळात बिहार, हरियाणा, तमिळनाडू, गोवा आणि दिल्लीतल्या खेड्यांचा अभ्यास केला आणि 2009 मध्ये तो प्रसिद्ध केला. ज्या गावांत केबल आली तिथं नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य आहे असं म्हणणाऱ्या बायांचं प्रमाण घटलं, मुलगाच हवा हा आग्रह कमी झाला, घरातल्या निर्णयांत बायांचा सहभाग वाढला. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण माझ्या माहेरी मी जे पाहिलं ते ह्याच्याशी जुळतं. माझी मावशी मालिकेतल्या सुनेला नोकरीला जाताना बघून म्हणायची, "हिचा नवरा काही बोलंना बघ." नंतर तिनं स्वतःच्या सुनेला अंगणवाडीच्या परीक्षेला बसवलं.

मालिका चांगल्या असतात असं मी म्हणत नाही. सासूसुनेचं तेच ते दळण असतं, दागिने आणि कटकारस्थानं. पण ज्या बाईला बाजाराच्या दिवसाशिवाय गावाबाहेर जाता येत नाही, तिला चार वेगळी घरं आत जाऊन बघायला मिळतात. त्यावर ती शेजारणीशी बोलते, आणि बोलता बोलता स्वतःच्या घराचंही बोलते.

मोबाईलचं चित्र वेगळं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायांपैकी साधारण 54 टक्क्यांकडंच स्वतः वापरायचा मोबाईल होता. टीव्ही घराचा असतो, त्यात तिचा वाटा असतो. मोबाईल बहुतेक वेळा गड्याचा असतो. दोन्ही एकाच ठरावात बांधू नका.

---

मांजराकाठ | 12 जानेवारी, रात्री 10:30

खामकाठताई, शेवटचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

आज आमच्या बचत गटाच्या बैठकीत विषय काढला. एक आजी येळवसचं, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाचं, म्हणाल्या, "येळवसला आख्खं गाव रानात होतं, आंबील पिऊन संध्याकाळपर्यंत, कुणाला टीव्ही आठवला का?" दुसरी लगेच म्हणाली, "त्या दिवशी स्वयंपाक पहाटेच झालेला असतोय, म्हणून." सगळ्याच गप्प झाल्या आणि मग एकदम बोलायला लागल्या. बऱ्याच जणींचं म्हणणं, दीड तास बंद ठेवायला हरकत नाही, पण लेकराजवळ बसायचं कुणी? सातला त्या चुलीपुढं, नवरा पारावर. टीव्ही बंद करून लेकरू भिंतीकडंच बघणार. कोपऱ्यात बसलेली एक सून, ती कधी बोलत नाही, म्हणाली, "लेकराला शिकवायची माझी लई इच्छा हाय, पण मला वेळ सहाला असतोय."

---

निवृत्त_ग्रामसेवक | 13 जानेवारी, सकाळी 7:25

कायद्याच्या दोन-तीन गोष्टी सांगतो, त्यानं तुमचं काम सोपं होईल.

आपल्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. बहुतेक गावांत ती कागदावर होते, सह्या घरोघर फिरून घेतात. तुम्ही सदस्य आहात, ती खरी भरवा. हा विषय आधी तिथं घ्या, वेळ बायांना ठरवू द्या, आणि जो ठराव होईल तो लेखी स्वरूपात ग्रामसभेपुढं ठेवा. मग पुढाऱ्यांना "बायांना काय विचारायचं" असं म्हणता येत नाही.

दंडाची भाषा ठरावात घालू नका. घरात टीव्ही लावला म्हणून दंड करायचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही. "ग्रामस्थ स्वेच्छेने पाळतील" असं लिहा.

आणि भोंग्याला पोलिसांची लेखी परवानगी लागते. शाळेची घंटा वापरा. परवानगी नको, खर्च नको, आणि कुणाच्या धर्माचा प्रश्न येत नाही.

---

मांजराकाठ | 28 जानेवारी, रात्री 9:40

मंडळी, झालेलं सांगते.

महिलांची सभा 23 तारखेला घेतली, शाळेच्या व्हरांड्यात. मला वाटलं होतं त्याहून जास्त बाया आल्या. बालाघाटी ताईंची पोस्ट मी मोठ्यानं वाचून दाखवली. तांड्यावरच्या दोघी आज्या, ज्यांच्याजवळ नातवंडं आहेत, पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या, मग त्यातल्या एकीनं उठून सांगितलं की त्यांच्याकडंही फोन साडेसातलाच येतो. पुढं कुणी सातच्या बंदीचा आग्रह धरला नाही.

वेळ ठरली सहा ते सात. लेकरांनी घरी नाही, शाळेतच बसायचं, घंटा वाजली की सुरू. व्हरांड्यात गावातली डी.एड. झालेली दोन पोरं आणि बचत गटातली एक बाई पाळीनं बसणार. ह्या तासात घरचे टीव्ही बंद. मोबाईलवर बोलणं, मोटारीचं काम, अकरावी-बारावीचा अभ्यास, सगळं चालू. फक्त लेकराच्या हातात करमणुकीचा मोबाईल द्यायचा नाही. सातला लेकरू घरी, टीव्ही सुरू, भाकरी सुरू.

बायांनी आणखी एक कलम घातलं होतं: रात्री साडेनऊनंतर घरातल्या गड्यांनीही मोबाईल बाजूला ठेवायचा. कंधारकडच्या भाऊंनी लिहिलेलं त्यांना सांगितलं होतं, त्यावरून हे निघालं. 26 तारखेच्या ग्रामसभेत पहिलं सगळं एकमतानं मंजूर झालं. ह्या कलमावर मात्र गलका झाला. "दिवसभर राबून आल्यावर गड्यानं करायचं काय?" मी विचारलं, बाई दिवसभर काय करते? उत्तर आलं नाही, पण कलमही मंजूर झालं नाही. 1 मेच्या ग्रामसभेपर्यंत तहकूब. आम्ही ते पुन्हा आणणार, आणि रमीचा विषय त्यात नाव घेऊन घालणार.

घंटा काल पहिल्यांदा वाजली. बरीच लेकरं आली. तांड्यावरची सगळी आली.

---

बालाघाटी_लेक | 28 जानेवारी, रात्री 10:10

ताई, ठरावाची प्रत इथं टाका. आमच्या सरपंचाला देते.

---

गुरुजी_उमरगा | 29 जानेवारी, सकाळी 6:55

अभिनंदन. तरी दोन गोष्टी मनात आहेत. सहाला थंडीच्या दिवसांत शेळ्या घेऊन येणारी लेकरं पोचत नाहीत, ती सुटतील. आणि डी.एड.ची पोरं भरती निघाली की जातील, तेव्हा व्हरांड्यात कोण बसणार ते आत्ताच ठरवा. आज ज्या लेकरांना जोडाक्षरं वाचता येत नाहीत त्यांची यादी आत्ता करून ठेवा, एप्रिलमध्ये त्याच लेकरांना तोच धडा वाचायला द्या.

---

मांजराकाठ | 29 जानेवारी, रात्री 9:30

गुरुजी, यादी आज केली. शेळ्यांच्या लेकरांचं खरं आहे, आमच्याकडं तशी पाच-सहा आहेत. त्यांच्यासाठी सकाळी शाळा भरायच्या आधीचा अर्धा तास घेता येईल का, ते शाळेतल्या बाईंना विचारलंय, त्या विचार करून सांगणार आहेत. ठरावाची प्रत उद्या टाइप करून इथं टाकते.